तालीम खरी की खोटी?

मराठीत 'तालीम' म्हटले की नाटकाची रंगीत तालीम आठवते, नाहीतर लाल मातीचा आखाडा. आम्हा उर्दू शाळेतल्या मास्तरांना मात्र तालीम म्हणजे शिक्षण. अरबी शब्द एकच, त्याच्या पोटात 'इल्म' दडलेले. सैनिकाच्या बाबतीत सराव आणि ज्ञान हे दोन्ही अर्थ एकत्र येतात आणि तिथेच एक अवघड सवाल उभा राहतो. लढाईचा सराव किती खरा असावा? आणि तो खरा वाटावा म्हणून शिकणाऱ्याशी खोटे बोलावे का?

लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची संस्था आहे. जहाजाला भोक पडले, आग लागली तर ते कसे वाचवावे, हे तिथे शिकवतात. त्यासाठी गोवा शिपयार्डने बांधलेले लोखंडी खोल्यांचे एक नकली जहाज आहे. ते कलते, डुलते, भिंतींतून पाण्याचे लोट आत येतात आणि पोरांनी लाकडी खुंट्या, पाचरी, टेकू मारून ती भोके बुजवायची. घाटमाथ्यावर, समुद्रापासून दूर! पाणी खरे, गारठा खरा, फक्त मरण खोटे. हे सोंग कशाला, असे कोणी विचारले तर मी 9 डिसेंबर 1971 ची रात्र सांगेन. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्यांच्या शिक्षणात उणीव होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण काही मिनिटांत पुस्तक उघडता येत नाही. हातात उतरलेले असेल तेवढेच कामाला येते.

म्हणजे सराव जितका खरा तितका चांगला? इथे मला ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 1985 ची 'एंडर्स गेम' ही विज्ञान कादंबरी आठवते. एक लहान मुलगा अंतराळातल्या आरमाराचे डावपेच यंत्रावर शिकतो. शेवटची परीक्षा तो जिंकतो आणि मग त्याला कळते की ती परीक्षा नव्हतीच. जहाजे खरी होती, मेलेले खरे होते, एक अख्खी जमात त्याच्या हातून संपली होती. शिक्षकांनी लपवले, कारण कळले असते तर तो हे करू शकला नसता. मला त्या शिक्षकांची हुशारी दिसते, पण त्यांना उस्ताद म्हणायला माझी जीभ वळत नाही. लोणावळ्याच्या पाण्यात उतरणाऱ्याला ठाऊक असते की ही तालीम आहे, तरी तो थरथरतो. म्हणजे भीती शिकवायला फसवणूक लागत नाही. फसवणूक लागते ती शिष्याची नीयत चोरायला. जे काम तो जाणूनबुजून करणार नाही, ते त्याच्याकडून करवून घ्यायला.

दुसरी एक गल्लत मला याहून जास्त छळते. कडक तालीम म्हणजे अपमान, असे समजणारे सैन्यात होते, शाळांतही आहेत. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईच्या 'तलवार' या संदेशवहन शिकवणाऱ्या नौदल केंद्रात संप झाला. तो नुसत्या निकृष्ट जेवणावरून नव्हता. गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्यांवरूनही होता. आपल्या ठाण्यातले 'अकबर' हे नौदल केंद्रही त्या लाटेत सामील झाले. संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. ही पोरे लाटांना, तोफांना भिऊन उठली नव्हती. महायुद्धाची वर्षे त्यांनी सोसली होती. गार पाण्यात उभा करणारा उस्ताद माणसाला सहन होतो, कारण ते पाणी शत्रूचे आहे हे त्याला दिसते. शिवी मात्र शत्रूची नसते.

आमच्या कल्याणकडच्या शाळांत आगीचा सराव होतो तेव्हा आदल्या दिवशीच नोटीस फिरते. घंटा वाजते, मुले हसत हसत ओळीने मैदानात येतात, फोटो निघतो, अहवाल जातो. जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी मोडक्या बाकांचा ढीग. तो ढीग सरावापुरता हलवला जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. मागे सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आग नोटीस देऊन लागते का?" वर्ग हसला. पुढच्या वेळी नोटीस काढू नये, बाक जागचे हलवू नयेत, आणि तारीख न सांगता मुलांना एवढेच सांगावे की या महिन्यात कधीतरी घंटा वाजेल, असे मी स्टाफरूममध्ये सुचवले आहे. मुले जिन्यात पडतील, असा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप आहे. तो खोटा नाही. म्हणून आधी ढीग कायमचा हलवावा की आधी मुलांना तो दिसू द्यावा, यावर आमची चर्चा अजून चालू आहे.