मागं कोण?

नऊ मित्र होते. त्यांच्याकडे तीन जीप आणि चार मोटारसायकली होत्या. वर्षातून एकदा, शनिवार-रविवार धरून, ते डोंगरात जात आणि एखाद्या माळावर तंबू ठोकून राहत.

त्या वर्षी ते नोव्हेंबरात निघाले. भंडारदऱ्याच्या पलीकडे, घाटघरच्या अंगाला, एका शेतकऱ्यानं आपल्या खाचराशेजारचा माळ त्यांना मुक्कामाला दिला होता. भात कापून झालं होतं. तो मुलूख १९८६ पासून अभयारण्यात मोडतो, म्हणून वाट सोडून गाडी कुठं घालायची नाही, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं. माणसं समजूतदार होती.

डांबर संपलं तिथं सगळे थांबले. जीपच्या चाकांतली हवा बत्तिसावरून अठरावर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि दगडाला धरून चालतो. मग रांग लागली. पुढं थार. तिच्या मालकाला वाट माहीत होती, गाडी ताकदीची होती, बंपरला विंच होती. अवजारांची पेटी, दोरखंड, पंक्चरचं सामान, औषधांची पिशवी, सगळं त्याच्याच गाडीत ठेवलं. तिच्या मागं जिप्सी, मग जुनी जीप, मग मोटारसायकली.

एक जण त्यांच्यात नवीन होता. त्याची मोटारसायकल दुसऱ्याकडून घेतलेली, चढाला धापा टाकणारी. थारवाला त्याला म्हणाला, “तू आपला सगळ्यात मागं राहा. सावकाश ये. म्हणजे तुलाही घाई नको आणि कुणाला अडथळाही नको.”

ते त्यानं मायेनंच सांगितलं होतं. त्या पोरालाही ते मायेचंच वाटलं. पिशवी जड होते म्हणून त्यानं आपली जादा क्लच वायरही पुढच्या पेटीत टाकली आणि तो रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला.

पाऊस जाऊन महिना झाला की त्या वाटांवर पिठासारखी तांबूस धूळ साचते. एक गाडी गेली की पुढचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येकानं अंतर धरलं. एका हाताला कळसूबाईचं शिखर होतं, खाली धरणाचं पाणी होतं, पण बघणार कोण? ज्याची त्याची नजर पुढच्या धुळीवर. धूळ दिसतेय ना, मग वाट बरोबर आहे, असा प्रत्येकाचा हिशेब होता.

वाटेत एक ओढा आडवा आला. पाणी घोट्याएवढंच, पण पलीकडचा चढ उभा आणि सुट्या दगडांचा. जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चढल्या. तीन मोटारसायकली उसळत गेल्या. शेवटची अर्ध्या चढावर बंद पडली. पोरानं ती पुन्हा सुरू केली, क्लच ओढला, सोडला, पुन्हा ओढला, आणि मुठीतली ओढ एकदम सैल झाली. वायर तुटली होती.

त्यानं हाक मारली. हॉर्न वाजवला. वरची धूळ हळूहळू खाली बसली आणि मग आवाज राहिला तो फक्त ओढ्याचा.

इकडे माळावर तंबू उभे राहिले. तीन दगडांची चूल मांडली. कुणी कांदा चिरला, कुणी तांदूळ धुतला. शेवटचा मोटारसायकलवाला अजून खालच्या वळणावर फोटो काढत असेल, असं ज्याला त्याला वाटत होतं. सूर्य कोकणात उतरला. डोंगर तिथं एकदम तुटतो; अंधारही तसाच एकदम आला. खिचडी झाली, नऊ ताटल्या मांडल्या, वाढून झालं, आणि एक ताटली तशीच राहिली.

“तो तुझ्यामागं होता ना?”

“होता. ओढ्यापर्यंत होता.”

“मग तू थांबला नाहीस?”

“तू तरी कुठं थांबलास माझ्यासाठी?”

हा प्रश्न एकेक करत पुढं सरकला आणि थारवाल्यापाशी येऊन थांबला. त्यानं काही उत्तर दिलं नाही. उठून गाडी सुरू केली.

ओढ्याच्या चढावर त्यांना मोटारसायकल सापडली. वाटेच्या कडेला, झाडाला टेकवून नीट उभी केलेली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. माणूस नव्हता. सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदम दरीकडे वळल्या. कुणी बोलेना. मोबाइलला रेंज नव्हती. त्यांनी हाका मारल्या. हाक समोरच्या कड्यावर आपटून परत यायची आणि क्षणभर वाटायचं, त्यानंच ओ दिली.

मग कुणाला तरी घंटा ऐकू आली. गुराच्या गळ्यातली, बारीक. वरच्या अंगाला, झाडीच्या आड, एक दिवा होता.

ते वर गेले तर पोरगा एका झोपडीच्या ओट्यावर चुलीच्या उजेडात बसला होता. हातात नाचणीची भाकरी, वर लाल चटणी. शेजारी एक म्हातारा गुराखी बसून एका गाईच्या खुरातला काटा शोधत होता. संध्याकाळी गुरं घेऊन परतताना त्याला हा वाटेवर एकटा बसलेला दिसला होता. गाडी त्यानंच झाडाला लावायला सांगितली होती, रात्री कुणी येऊन धडकू नये म्हणून.

थारवाला पुढं झाला. “बाबा, उपकार झाले तुमचे.”

म्हाताऱ्यानं मान वर न करता विचारलं, “तुमच्यात पुढं कोण चालतं?”

“मी.”

“अन मागं?”

थारवाल्यानं पोराकडे पाहिलं.

“हा?” म्हातारा म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. मग त्यानं बोटभर काटा काढून उजेडात धरला. “ही आज सकाळपास्नं लंगडती. आता वाट हिलाबी ठावं हाय. पण उपेग काय? बसली म्हंजी बसली. पुढं चालायला कोन बी चालतं, ती पांढरी गाय बघा, ती झोपेतबी घरला यील. मी मागं असतो.”

एवढं बोलून तो गाईची जखम धुवायला उठला. त्यानं त्यांना उपदेश केला नाही. त्याला त्यांच्या गाड्यांशी काही देणंघेणंही नव्हतं.

ही गोष्ट त्या नवागतानं मला सांगितली. दुबळ्याला मागं ठेवलं यात दुष्टावा कुणाचाच नव्हता, असं तो आवर्जून म्हणतो. खरंय. आपणही असंच करतो. जो हळू चालतो त्याला म्हणतो, ये सावकाश, आणि तेवढ्यानं आपली जबाबदारी फिटली असं धरून चालतो. पुढं जाणाऱ्याची पाठ सगळ्यांना दिसते. मागून येणारा दिसायला आरशात मुद्दाम बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी नवी वायर घातली आणि ते परत निघाले. थारवाल्यानं पोराला म्हटलं, “तू पुढं हो.”

“माझी गाडी हळू आहे.”

“मग आम्ही हळू येऊ.”

जिथं जिथं वाट फुटत होती तिथं प्रत्येक जण थांबला, मागची गाडी दिसली की मगच हलला. त्यामुळे दोन तासांच्या वाटेला साडेतीन तास लागले. या वेळी धरणाचं पाणी सगळ्यांनी पाहिलं. थार सर्वांत मागं होती, अवजारांच्या पेटीसकट, आणि सहा गाड्यांची धूळ खात होती.

डांबरावर आल्यावर सगळे हवा भरायला थांबले. थार शेवटी आली. मालकाच्या भुवया, मिशा, कानांच्या पाळ्या, सगळं तांबडं झालं होतं. त्यानं इंजिन बंद केलं, पण लगेच उतरला नाही. आरशावरची धूळ बोटानं पुसली, त्यात रिकामी वाट नीट पाहून घेतली आणि मग दार उघडलं.