जपमाळ आणि डॉक्टरांची चिठ्ठी



आज आम्ही आमच्या एका चुकीविषयी लिहीत आहोत. संबंधित कुटुंबाने तशी परवानगी दिली आहे. आणि हे बोलणे पापनिवेदनातले नव्हे, चर्चच्या व्हरांड्यातले आहे.

एक शेतकरी भाऊ मिस्सानंतर आमच्याकडे आले. कपाशी बुडाली होती, कर्ज थकले होते. म्हणाले, "फादर, रोज जपमाळ म्हणतो जी, पण झोप काही येत नाही. कशातच मन लागत नाही." आम्ही त्यांना नोव्हेना करायला सांगितली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरी पाठवले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी आल्या. "फादर, फवारणीचं औषध मी शेजारी नेऊन ठेवलं. मले भेव वाटते." तेव्हा आमचे डोळे उघडले. प्रार्थना सांगितली ही चूक नव्हती. तेवढेच सांगून थांबलो, ही चूक होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांसोबत मानसोपचार विभागात गेलो.

वाटेत भाऊंनी विचारले, "गोळी घेतली म्हणजे देवावरचा भरवसा कमी पडला का जी?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असेल.

राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९वा अध्याय वाचा. संदेष्टा एलिया झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. त्याला झोपू देतो, देवदूताच्या हातून दोनदा भाकर आणि पाणी देतो. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतर होते. बेनसिराच्या ३८व्या अध्यायात तर आजारपणात प्रार्थनाही करा आणि वैद्यालाही जागा द्या, असे दोन्ही सांगितले आहे. कारण वैद्यही देवानेच निर्माण केला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय सांगताना सत्याच्या चिंतनासोबत अश्रू, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नानही मोजले. सेमिनरीत आम्ही हे तत्त्वज्ञान म्हणून शिकलो. व्हरांड्यात मात्र विसरलो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये स्वतःच सांगितले, की वयाच्या ४२व्या वर्षी ते सुमारे सहा महिने दर आठवड्याला एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. त्यांची श्रद्धा त्यामुळे उणी झाली नाही.

आपल्या जिल्ह्याला तरी हे समजायला हवे. एके काळी लोक कुष्ठरोग पापाचे फळ समजून लपवत. इथेच दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली, सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. आज आपण मनाचा आजार तसाच लपवतो.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. पापासाठी पापनिवेदन आहे, आजारासाठी उपचार आहेत. उदासीनतेचा आजार हे पाप नव्हे. दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस गेला असेल तर थांबू नका. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी सांगा. घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशक घरातून हलवावे. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो मोफत असून चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, आणि कोणाच्या प्रार्थनेनंतर तर मुळीच नको. समुपदेशकाकडे जा आणि मिस्सालाही या. आजाऱ्यांच्या अभ्यंगाची इच्छा असेल तर आम्हांला सांगा.

ज्या घरांनी आपला माणूस असा गमावला आहे, त्यांना सांगतो: ख्रिस्तसभा आपल्या धर्मशिक्षणग्रंथात म्हणते, की मनाच्या गंभीर आजाराने माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा आपण सोडू नये. त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करायला संकोच करू नका.

ते भाऊ आज औषध घेतात, समुपदेशकाशी बोलतात, संध्याकाळी जपमाळही म्हणतात. कर्ज अजून फिटलेले नाही. पण झोप येते, आणि सकाळी ते शेतात जातात.

आजाऱ्यांचा आधार असलेली पवित्र मरिया आपणा सर्वांसाठी विनंती करो.

आपले धर्मगुरू