उंबऱ्यावरचा उखाणा

स्वयंपाकघराच्या दाराशी आली की माझ्या बायकोचे पाय जमिनीला चिकटतात. बैठकीच्या खोलीतून ती बरी चालत येते आणि जिथे फरशीचा रंग बदलतो तिथे एकदम थांबते. पार्किन्सन्समध्ये हे नेहमीचं आहे. डॉक्टर त्याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात, आमच्या घरात ‘पाय रुसले’ म्हणतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून तिला मागून हलकेच ढकललं. तसं करू नये. पाय जागेवरच राहतात, धड पुढे जातं आणि माणूस तोंडावर पडतो. तिने कशीबशी चौकट धरली आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, थांबा. माप ठेवलेलं नाही, नाव घेतलेलं नाही. पाय उचलेल कसा?”

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती माप ओलांडून या कुटुंबात आली, तेव्हा माझ्या बहिणींनी आम्हाला असंच दारात अडवलं होतं. आता स्वयंपाकघराच्या दारात, भीतीने हात गार पडलेले असताना, मी तिथेच एक ओबडधोबड उखाणा रचून तिचं नाव घेतलं. शेवटच्या यमकावर तिचा उजवा पाय उचलला गेला.

पुढे फिजिओथेरपिस्टनी सांगितलं की हा योगायोग नव्हता. न विचार करता चालण्याची मेंदूची यंत्रणा या आजारात ढिली पडते; पण ताल, मोजणी, जमिनीवर आखलेली रेघ अशी बाहेरची खूण मिळाली की मेंदू दुसरी वाट धरतो. म्हणून घरोघरी अशा माणसांसाठी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवतात. आमच्याकडे पट्ट्या आहेतच, शिवाय रोजचा उखाणा आहे. परवाच्या उखाण्यात दहाची गोळी होती आणि साबुदाण्याची खिचडी. शास्त्र मला नंतर कळलं, पण वाट तिने दाखवली होती, आणि तीही पडता पडता.

गेल्या सहा वर्षांत मी शिकलेल्या गोष्टींचं मूळ तिथे आहे. आपण समजतो की आजाऱ्याला हसवायचं असतं. सांभाळणाऱ्याने उसनं अवसान आणून घरात चैतन्य ठेवायचं, गमतीजमती सांगायच्या. मी तसं करून पाहिलं आणि दमून गेलो. ती माझ्यासाठी हसायची आणि तीही दमायची. सकाळी उठवणं, ब्लाउजची बटणं लावणं, वेणी घालणं, गोळीच्या वेळा, आणि त्या वेळांपासून दूर ठेवायचं वरण, दही, पनीर. लेव्होडोपा या औषधाचं रक्तात शिरणं प्रथिनांमुळे अडतं, म्हणून हा सगळा सांभाळ. दिवसभर देणारा मी आणि घेणारी ती. त्या एकतर्फी व्यवहारात तिच्याजवळ द्यायला एक गोष्ट उरली होती, तिचा मिश्कीलपणा, आणि तीही मीच तिच्या हातून काढून घेत होतो.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आजारी माणसाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. रुग्ण आणि काळजीवाहक या कोरड्या शब्दांपेक्षा हे शब्द मला फार आवडतात. तरीही मनात येतं, उंबऱ्यावर त्या दिवशी आमच्यापैकी शुभंकर कोण होतं?

तिचा विनोद ओळखणं मात्र सोपं नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर तो दिसत नाही. हालचालींसाठी लागणारं डोपामिन बनवणाऱ्या मेंदूच्या मध्यभागातल्या काळसर पेशी मरत जातात आणि चेहऱ्याचे स्नायू मंदावतात. पापण्या कमी लवतात. फोटोसाठी ‘हस’ म्हटलं तर थोडं हसू आणता येतं. आपसूक येणारं हसूच अधिक अडतं. डॉक्टर याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. मला हा शब्द बोचतो, कारण मुखवटा माणूस स्वतः चढवतो. लोकांना वाटतं ती रागावली आहे, नाहीतर तिला काही कळत नाही. या आजारात नैराश्यही पुष्कळांना येतं, त्यामुळे डॉक्टरांनी आधी ते तपासलं, आणि ते तपासून घ्यायलाच हवं. पण तिच्या बाबतीत आत सगळं जागं होतं.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने 1817 साली या आजारावर छोटं पुस्तक लिहिलं ते फक्त सहा माणसांच्या आधारावर. त्यातली काही त्याने रस्त्यातच पाहिली होती. त्यांचं वाकणं, थरथरणं, पळल्यासारखं चालणं त्याने अचूक टिपलं. ती माणसं काय बोलत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आवाज खोल गेलेला, शब्द सुचायला उशीर, चेहरा स्थिर. कदाचित त्यातलं कुणी त्याच क्षणी काहीतरी मजेचं म्हणत असेल, आणि ते ऐकायला हातभर अंतरावर कुणी नसेल.

मी आता हातभर अंतरावर बसतो. तिला मजा वाटली की गळ्याजवळ एक शीर हलते आणि श्वास क्षणभर अडकतो. तिचा हात मांडीवर रिकामा असला की थरथरतो आणि काही धरायला दिलं की बराचसा शांत होतो. या आजाराचा कंप बहुधा असाच असतो. एकदा वाटाण्याच्या शेंगा पुढे ठेवल्यावर हात थांबला. ती म्हणाली, “आईच्या वळणावर गेलाय. रिकामं बसवत नाही त्याला.” हे वाक्य पूर्ण व्हायला बहुतेक एक मिनिट लागलं. त्या मिनिटात मी मध्ये काही बोललो असतो, तिचं वाक्य माझ्या शब्दांनी पुरं केलं असतं, तर ते जन्मालाच आलं नसतं. माझ्या मते आजारी माणसावर करायची सगळ्यात मोठी माया हीच, त्याचं वाक्य त्याला संपवू द्यायचं. आणि ही माया अवघड आहे, कारण सांभाळणाऱ्याजवळ वेळच नसतो.

पाहुण्यांचे विनोद वेगळे. ‘काय वहिनी, नाच चाललाय का?’ असं एका नातलगाने चारचौघांत तिच्या हाताकडे पाहून म्हटलं. सगळे हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे, तरी मी ते विसरलेलो नाही. कंपाबद्दल ती याहून धारदार बोलते, पण कंप तिचा आहे. पहिलं हसू तिचं असेल तरच आम्ही हसायचं, हा आमच्या घरचा नियम झाला आहे. नातवंडांनाही तो सांगावा लागला नाही. त्यांना कळतं.

हसण्याने आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये मुंबईत हास्यक्लब सुरू केला. बागेत सकाळी जमून हात वर करून हसणाऱ्यांना त्यातून सोबत मिळते, हे मी पाहिलं आहे. पण गेलेल्या पेशी हसून परत येत नाहीत. गोळीचा असर ओसरला, ‘ऑफ’ सुरू झालं की तिचं अंग लाकडासारखं होतं आणि तेव्हा कुणालाच काही सुचत नाही. एका संध्याकाळी डॉक्टरांकडे जायला उशीर होत होता आणि तिचा हात बाहीत जात नव्हता. मी ओरडलो. तिच्यावरच. तिने काही म्हटलं नाही. चेहरा तसाच, स्थिर, आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्या संध्याकाळी हसण्यासारखं काही नव्हतं. नंतरही कधी आम्ही त्यावर हसलो नाही. मी क्षमा मागितली आणि तिने माझा हात धरून ठेवला, एवढंच.

मग मला कळलं की ती कितीतरी महिने रात्रभर एकाच कुशीवर पडून राहत होती. या आजारात अंथरुणात कूस बदलणं फार कठीण जातं. मला उठवावं लागू नये म्हणून ती गप्प राहायची. खांदा दुखून वर होईना तेव्हा बोलली. ती मला सांभाळत होती. मला पत्ताही नव्हता.

मी देवघरातली घंटा आणून तिच्या उशाशी ठेवली. पहिल्या रात्री अडीच वाजता घंटा वाजली. मी उठून दिवा लावला. ती छताकडे बघत म्हणाली, “काकड आरती. जरा लवकर झाली.” मी तिला कुशीवर वळवलं आणि आम्ही दोघं त्या अडीच वाजता हसलो. म्हणजे मी हसलो, आणि तिच्या गळ्यातली शीर हलली.

माया बाहेरूनही येते, पण ती जाणती असेल तर खरी उपयोगी पडते. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, मुलांचं अक्षर घोटून घेणारी. आजाराने तिचं अक्षर मुंगीएवढं झालं. एका बँकेत सही जुळेना म्हणून तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने कागदावर पट्टीने पेन्सिलच्या दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, “बाई, यांच्या मध्ये करा, घाई नाही.” रांगेतलं कुणी बोललं नाही. दोन्ही रेघांना टेकणारी, पूर्वीसारखी सही उमटली. त्या मुलीच्या घरी असं कुणी असेल का, हे मी विचारलं नाही. परत येताना रिक्षा वह्या-पुस्तकांच्या दुकानापाशी थांबवून बायकोने दुरेघी वही घ्यायला लावली. आता रोज एक पान लिहिते. “इतकी वर्षं पोरांना दिला, आता मलाच गृहपाठ,” म्हणाली, आणि खाली लाल पेनने मला शेरा द्यायला लावते.

काल संध्याकाळी पुन्हा दारात पाय रुसले. मी उखाण्याला तोंड उघडलं, तशी तिने बोट वर केलं. “आज मी घेते.” पहिली ओळ आली, तिच्यात कुकर होता. दुसरी येईना. तिचे डोळे फरशीवर होते, श्वास अडकला होता. तिसरी शिट्टी झाली, मग चौथी. मी एक हात लांब करून गॅस बारीक केला आणि दुसऱ्या हाताने तिचं कोपर धरून तिथेच उभा राहिलो.