भिंतीआड

सेवा या शब्दाचा अर्थ आमच्या वर्धा जिल्ह्यात कोणी कोशात शोधत नाही. परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे विद्वान कुष्ठरोगाने पिडलेले असे सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि आपल्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले, ही हकीकत इथल्या मुलांच्या कानावर लहानपणीच पडते. आणि आमचे केळझर तर त्याहूनही जुनी साक्ष सांगणारे गाव. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे गावकरी मानतात. बकासुराकडे पाळीपाळीने एकेका घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा. पाळी आलेल्या घरात बाप म्हणाला मी जातो, आई म्हणाली मी, लेक म्हणाली मी. बोबडे बोलणारे पोरसुद्धा हातात काडी घेऊन राक्षसाला मारायला निघाले. शेवटी कुंतीने आपला भीम धाडला. संकट दिसले की पुढे व्हावे, दुसऱ्याला पुढे करून आपण मागे सरू नये, हे या मातीत असे मुरलेले आहे.

म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला बरेच दिवस सोडीना. ती क्ष-किरण तंत्रज्ञाचे शिक्षण घेते आहे. तिचे म्हणणे असे : "सर, आमी रोग्याले टेबलावर निजवतो, भेऊ नका म्हणतो, अन् बटण दाबाच्या वक्ताले सोता भितीआड जातो. त्याले काही होत नसन, तर आमी काऊन पळतो? अन् होत असन, तर त्याले तिथं काऊन ठेवतो?"

माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या, चार कादंबऱ्या लिहिलेल्या मास्तराने याचे उत्तर ताबडतोब द्यावे, ही तिची अपेक्षा मला जरा जास्तच वाटली. मी तिचेच पुस्तक मागून घेतले आणि वाचत बसलो. यंत्राचे भाग मला फारसे कळले नाहीत; पण रोग्याशी कसे वागावे, हा भाग मात्र मी दोनदा वाचला.

रोंटगेनला हे किरण दिसले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. त्यावर त्याने पेटंट घेतले नाही, आणि बघता बघता ते जगभर गेले. त्यांची बाधा मात्र ताबडतोब दिसत नव्हती. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात क्लॅरन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. नवी नळी नीट चालते की नाही हे पाहायला तो आपलाच हात तिच्यापुढे धरी. प्रथम कातडी जळाली, मग कर्करोग झाला, हात कापावे लागले. तरी १९०४ साली तो गेलाच. एडिसनने त्या कामाला पुन्हा हात लावला नाही. अशा बळी गेलेल्यांचे एक स्मारक १९३६ साली जर्मनीत हांबुर्गला उभे राहिले. त्यावर पहिल्यानेच १६९ नावे कोरली होती. ही सगळी माणसे पुढे होणारी होती. भिंतीआड जाण्याचे शहाणपण त्यांच्या हातांच्या मोलाने आलेले आहे. त्याला पळणे म्हणणे मला बरोबर वाटत नाही.

शिवाय हिशेब पाहा. रोगी टेबलावर निजतो तो वर्षाकाठी एखादे वेळी. त्याच्या छातीच्या साध्या फोटोत पडणारे किरण म्हणजे काही दिवसांत आकाशातून, जमिनीतून आपल्या सर्वांना मिळतात तेवढेच. पण या मुलीसमोर दिवसाला वीसतीस माणसे निजणार आणि ती तीस वर्षे नोकरी करणार. रोग्याला त्या किरणांच्या बदल्यात काही मिळते : क्षय आहे की नाही, हाड मोडले की नाही, हे कळते. हिला त्यातून काहीच मिळत नाही. नळीपासून दुप्पट लांब गेले की मारा चौथ्या हिश्श्यावर येतो, तिप्पट गेले की नवव्या, हे गणित तर मी वर्गात शिकवतो त्यातलेच. तेव्हा तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे निघाले. अडचण दुसऱ्यात आहे.

आपल्या देशात या कामावर १९८३ पासून अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख आहे. किरणांत काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, असा नियम आहे. रस्त्याने जाणाऱ्या तुमच्याआमच्यासाठी ती मर्यादा १ आहे. आणि रोग्यासाठी? रोग्यासाठी मर्यादाच नाही! हे वाचून मी चष्मा पुसला. पण विचार केला तेव्हा पटले. ज्याचा जीव तपासणीवर अवलंबून आहे, त्याला 'तुझा कोटा संपला' असे कसे सांगणार? म्हणून तिथे आकडा घातलेला नाही. त्याऐवजी दोन अटी घातल्या आहेत. तपासणीची खरोखर गरज असावी, आणि काम भागेल तेवढेच किरण वापरावेत. पहिली अट डॉक्टरने पाळायची, दुसरी बरीचशी या मुलीने.

आता गंमत पाहा. तिच्या छातीवर एक बिल्ला असतो. तिला किती किरण लागले ते त्यात साठते आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. तिच्या बाजूने असा एक मूक साक्षीदार सदैव आहे. रोग्याच्या छातीवर असा बिल्ला नाही. त्याला एकदा किरण लागले की चारदा, हे त्याच्या शरीराला त्या वेळी कळत नाही. सुई टोचली तर माणूस ओरडतो. इथे ओरडायलाही काही नाही.

माझ्या आईचा छातीचा फोटो काढला तेव्हा तिला ऐकू कमी येत होते. आतून हुकूम आला, "श्वास रोखा!" तिला तो ऐकूच गेला नाही. तीनदा फोटो काढला, तीनदा ती हलली, आणि चौथ्यांदा कोणी तरी बाहेर येऊन, छातीवर हात ठेवून, श्वास कसा रोखायचा ते तिला करून दाखविले. मग एका झटक्यात काम झाले. ते हात ठेवणे पहिल्यांदाच झाले असते, तर तीन वेळचे किरण वाचले असते. भिंतीआड जायचेच आहे ना, मग जाण्यापूर्वी जवळ थांबायला हवे. सगळी शुश्रूषा त्या दोन मिनिटांतच उरकायची असते.

पुस्तकात एक बारीक सूचना आहे, ती मला फार आवडली. रोग्याला 'तुम्ही विठाबाई ना?' असे विचारू नये, 'तुमचे नाव काय?' असे विचारावे. भेदरलेले माणूस कशालाही हो म्हणते, आणि आमच्या भागात एका रांगेत तीन विठाबाई सहज निघतील. म्हणून नावाबरोबर वय, गावही विचारावे. तीच गोष्ट मंगळसूत्राची. मण्यांची सावली फोटोत पडते, ते काढावेच लागते. पण 'काढा ते' म्हणून खेकसले की बाईच्या मनात नको ती शंका येते. का काढायचे ते सांगावे आणि तिच्याच मुठीत राहू द्यावे. दिवस गेले आहेत का, हे तरुण बाईला विचारणे आवश्यक. पण सासू शेजारी उभी असताना विचारले तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. सासूला दाराबाहेर बसविण्याचे कसब कुठल्या परीक्षेत विचारत नसावेत.

रडणाऱ्या मुलाला धरायचे कोणी? रोज तिथे काम करणाराने धरू नये, असा दंडक आहे. घरच्या माणसाने शिशाचा झगा घालून, सरळ झोताच्या बाहेर राहून धरावे. गरोदर बाईने नाही. म्हणजे 'मी जातो' म्हणण्याची जागा इथे थोडी शिल्लक आहे, आणि ती बहुधा आजीने घ्यावी!

मला खरी काळजी वाटते ती नव्या यंत्रांची. पूर्वी किरण जास्त झाले की फिल्म काळीठिक्कर पडे; करणाऱ्याची चूक उजेडावर धरून कोणालाही दिसे. आता फोटो संगणकावर येतो, आणि किरण गरजेपेक्षा थोडे जास्त सोडले तर तो बिघडत नाही, उलट अधिक स्वच्छ दिसतो. डॉक्टर खूश होतात. कमी किरणांचा फोटो दाणेदार दिसतो आणि बोलणी खावी लागतात. म्हणजे कसूर करणाऱ्याला शाबासकी आणि काटकसर करणाऱ्याला दोष. यंत्र एका कोपऱ्यात किरणांचा आकडा दाखवते खरे. पण तो पाहायचा की नाही, हे भिंतीआडच्या एकट्या माणसावर आहे. मी त्या मुलीला एवढेच सांगितले की आकडा रोज पाहा, आणि फोटो पुन्हा काढावा लागला तर का, ते वहीत लिही. कोणी मागितले नाही तरी लिही. ती म्हणाली, "सर, वही कोन तपासनार?" मी म्हटले, "दिवाळीच्या सुटीत घेऊन ये, मी तपासतो. मला कळणार काही नाही, पण पाने मोजीन."

राहता राहिले आपण. जुना फोटो हरवला म्हणून नवा काढतात, असे पुष्कळ होते. ग्रहण बघायला म्हणून पोरे जुन्या फिल्मा पळवतात, तेही चूकच. त्याने डोळ्यांना इजा होते. दिवाळीची झाडलोट करताना पेटीच्या तळाशी ती मोठी करडी पाकिटे सापडली, तर बोहारणीच्या गाठोड्यात टाकू नका. वर नाव आणि साल लिहून ठेवा, आणि पुढल्या वेळी दवाखान्यात जाताना बरोबर न्या.