त्याला विचार

औंढा नागनाथ

चि. मृण्मयी,

परवा फोनवर तू नाव, गाव, कलम काहीच सांगितलं नाहीस, ते बरं केलंस. ‘काका, ज्यानं केलं तो माझ्यापुढं बसून रडला, आणि ज्यानं केलं नाही तो आत आहे,’ एवढंच म्हणालीस. रात्रभर तेच डोक्यात घोळलं.

तू वकील आहेस, कायदा तुला पाठ आहे. पुरावा कायद्याचं जुनं कलम 126 आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 132 झालं. वकीलपत्राच्या कामात अशिलानं सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायचं नाही, काम संपल्यावरही नाही. पुढं करायच्या गुन्ह्यासाठी कुणी सल्ला मागितला तर हे संरक्षण नाही. झालेल्या गुन्ह्याची कबुली मात्र झाकलेली राहते. निरपराध माणूस तुरुंगात असला तरी त्यासाठी अपवाद ठेवलेला नाही. बंधन मोडलंस तर बार कौन्सिलपुढं सनदेचा प्रश्न येईल. त्याहून वाईट म्हणजे, संमतीविना सांगितलेलं कोर्ट पुराव्यात घेईलच असं नाही. अशिलाचा विश्वास जाईल आणि आतला माणूस आतच राहील.

शिकागोत 1982 साली असंच झालं. डेल कोव्हेंट्री आणि जेमी कुंझ या वकिलांना त्यांच्या अशिलानं, अँड्र्यू विल्सननं, एका खुनाची कबुली दिली. त्या खुनासाठी अॅल्टन लोगन पकडला गेला होता. दोघांनी शपथपत्र लिहून लोखंडी पेटीत ठेवलं. आपल्या मृत्यूनंतर ते उघड करायला विल्सननं परवानगी दिली होती. तो 2007 मध्ये वारला, लोगन 2008 मध्ये बाहेर आला. 26 वर्षं गेली. लोक त्या वकिलांना दूषणं देतात. मला ती परवानगी मोलाची वाटते. तिच्याविना पेटी उघडताच आली नसती.

पण गुपित राखणं वेगळं, दडवणं वेगळं. नाशिकच्या 2003 सालच्या हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये फाशी सुनावली, आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चौघे ओळखले होते. ते अभियोग पक्षानं कोर्टापुढं आणलंच नाही. ते कुठल्याही अशिलाचं गुपित नव्हतं, त्याला कसलंच संरक्षण नव्हतं.

आता माझं सांगतो; साल, गाव लिहीत नाही, कारण माझंही बंधन सुटलेलं नाही. एक अशील देवळाबाहेर माझ्याशेजारी बसला. चपला हातात, मान खाली. म्हणाला, ‘साहेब, त्यो माणूस फुकट आत हाय.’ मी घाईनं म्हणालो, ‘हे पुन्हा कुणापाशी बोलू नको.’ बोललेलं झाकणं माझं कामच होतं, तिथं मी चुकलो नाही. पण तो आपणहून दार उघडत होता आणि मी ते लावून टाकलं. संमती मागितलीच नाही. पुढं तो वारला. दुसऱ्यानं शिक्षा पुरी भोगली. बाजारात दिसला की तो मला रामराम घालतो, आणि मला मान वर करवत नाही.

जो न विचारता सांगतो, त्याला ते ओझं पेलत नसतं, हे तेव्हा कळायला हवं होतं.

फाशीचाच प्रसंग असता तर? मी सनद पणाला लावून बोललो असतो. हे कायद्याचं म्हणणं नाही, माझं आहे. तुझ्यापुढं तसं नाही, वेळ आहे.

आतल्या माणसाचं वकीलपत्र चुकूनही घेऊ नकोस. तुझा अशील भेटेल तेव्हा निवांत बस. बोलल्यास त्याला काय शिक्षा होऊ शकते ते काहीही न लपवता सांग. तू त्याची वकील आहेस, त्याला फसवून पुण्य मिळवायचं नाही. हवं तर दुसऱ्या वकिलाचा सल्ला घेऊ दे. मग विचार. नाही म्हणाला तर पुढच्या तारखेला पुन्हा विचार. निदान मृत्यूनंतर सांगायची तरी संमती माग, आणि ती लेखी घे. कोरा कागद आणि पेन आजच पिशवीत ठेव.

तुझा,
काका