माळ खुंटीला टांगलेल्याने कोठे बसावे?

सप्ताहातले कीर्तन आटोपून मंडळी पांगू लागली, की नागपुराकडे एक प्रश्न हमखास कोणीतरी हळू आवाजात विचारते. विचारणारी बहुधा आई असते, नाहीतर बायको. "महाराज, त्यानं माळ घातली होती, दोन वर्सं दारूले शिवला नाही. आता पुन्हा प्याले लागला. माळ खुंटीले टांगली अन् कीर्तनाले येनंच सोडून देल्लं. आता त्याचं कसं करावं?"

सज्जनहो, प्रश्न घरगुती दिसतो, पण त्याच्या पोटात धर्माचा मोठा प्रश्न आहे. ज्याच्या हातून नियम मोडला, त्याला संगतीचा अधिकार उरतो की नाही?

पूर्वपक्ष असा. माळ म्हणजे पांडुरंगापुढे दिलेला शब्द. तो मोडणाऱ्याने आधी शुद्ध व्हावे, मग टाळ हाती घ्यावा. शिवाय नाम समर्थ असता माळकऱ्याने दारू सोडणाऱ्यांच्या सभेत जाऊन बसावे, हा नामावरचा अविश्वास नव्हे काय?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. 'आधी आंघोळ कर, मग चंद्रभागेत उतर' असे कोणी सांगत नाही. दुसऱ्याचे उत्तर भागवताच्या षष्ठ स्कंधात आहे. अजामिळाला नामाने सोडविले हे आपण नेहमी सांगतो. पुढे त्याने काय केले ते मात्र सांगायचे राहून जाते. विष्णुदूतांची क्षणभर संगत घडली, तेवढ्याने त्याला वैराग्य आले. जुने घर, जुनी संगत सोडून तो गंगाद्वारी गेला. नामाने वाचलेल्यालाही संगत बदलावी लागली. तेव्हा संगत शोधणे हे नामाला सोडणे नव्हे.

आता ही सभा आहे तरी कशी? तिला 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणतात, बोलण्यात 'एए'. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी ती सुरू झाली. बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला मनुष्य काही महिने दारू सोडून होता. परगावी धंदा फसला, उतरला होता त्या हॉटेलातला गुत्ता समोर दिसू लागला. तेव्हा त्याने उपदेशक शोधला नाही. दारूने गांजलेला दुसरा मनुष्य शोधला. त्याला डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. डॉक्टरही मध्यंतरी एकदा घसरले, पण त्यांना कोणी टाकले नाही. त्यांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस संस्थेचा आरंभ म्हणून धरतात.

तेथे यायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, बाहेरची देणगी नाही. आपसात झोळी फिरते तेवढीच. आडनाव कोणी विचारीत नाही. आपल्याकडे वारीत सगळेच माउली, तसा हा प्रकार. एकजण आपली हकीगत सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये बोलून कोणी उपदेश करीत नाही. बोलायचे नसेल तर गप्प बसावे. आपल्याहून थोर शक्तीला शरण जावे असे ते म्हणतात, पण ती कोणती ते ज्याचे त्याने ठरवावे. मग विठ्ठलाला तेथे आडकाठी कुठे आली?

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार पटते. 'जन्मभर पिणार नाही' असे ते म्हणत नाहीत, 'आजचा दिवस पिणार नाही' म्हणतात. आपला हरिपाठ तरी निराळा कुठे आहे? जन्माचा हरिपाठ एका दिवशी कोणी उरकत नाही. नित्यनेम रोजचा असतो म्हणूनच टिकतो.

कोणी म्हणेल, दारूच बंद करा, म्हणजे सभेचे काम नाही. शेजारच्या वर्ध्यात १९७४ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. कायद्याने दुकान बंद होते, त्याचे मोल आहेच. पण ज्याला आधीच लागली आहे, त्याच्या जवळ संध्याकाळी कोणी बसायचे, हे कायदा सांगत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' काढले, ते अशांच्यासाठीच.

दारू हा रोग मानला तर मनुष्याचा दोष संपतो काय? नाही. रोग लागणे त्याच्या हाती नसेल, पण औषधाला जाणे त्याच्या हाती आहे. त्याची जबाबदारी तिथे सुरू होते.

बायामाणसांनी एवढे लक्षात ठेवावे. रोज पुष्कळ पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. म्हणून शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठा. मेडिकलमध्ये मनोविकार विभाग आहे. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट फोन आहे, तेथे मार्गदर्शन मिळते. सभा कुठे, कधी, हेही विचारून घ्या. खुल्या सभेला घरचेही जाऊ शकतात. बंद सभा पिणाऱ्यांचीच. घरच्यांसाठी 'अल-अॅनॉन' म्हणून निराळी सभा असते, कारण घरचे दुःख निराळे असते. पहिल्या दिवशी मन रमले नाही तर दुसरी सभा पाहावी.

आणि आपण टाळकऱ्यांनी काय करावे? तो पुन्हा कीर्तनाला आला, तर 'इतके दिवस कुठे होतास' असे चारचौघांत विचारू नये. ओळीत जागा करून द्यावी. माळ केव्हा मागायची ते तो ठरवील. मागेल तेव्हा नाही म्हणू नये.