मनीच्या पिसवा

पिसू चिमटीत धरली म्हणून मरत नाही. ऊ नखावर घेतली की चट्‌दिशी चिरडते, पिसवेचं तसं नसतं. अंगानं दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखी चपटी, वरून कातडं कडक. बोटं जरा ढिली पडली की टुणकन गेलीच. म्हणून आमची आजी फणीत आलेली पिसू पाण्याच्या वाटीत सोडायची, आणि त्या पाण्यात आधी रिठा घुसळून फेस केलेला असायचा. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, काठाला लागते आणि उडून जाते. रिठ्याच्या पाण्यात मात्र तळाला जाते. हे आजीला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. प्रत्येक पिसू वाटीत सोडताना ती पुटपुटल्यासारखं “विठ्ठला” म्हणायची.

आमचं घर सातारा भागातलं, माती-दगडाचं. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीच्या बुडाला भेगा, माजघरात जोंधळ्याच्या दोन कणग्या. कणगी आली की उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर आलंच. आमच्याकडं मांजर लाडासाठी पाळत नव्हते. ते कामाला ठेवलेलं असे. त्यामागं एक जुनी भीतीही होती. आजीच्या सासूनं प्लेग पाहिला होता. 1896 साली तो मुंबईत आला, पुढं पुण्याला आणि मग आमच्या भागातही पसरला. घरात उंदीर पडला की माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची. 1898 साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं, की प्लेग उंदराच्या अंगावरची पिसू पसरवते. जाणत्या मंडळींनी बरीच वर्षं त्याचं ऐकलं नाही. आजीला सिमाँ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिच्यापर्यंत सासूकडून एवढंच आलं होतं, की उंदीर आणि पिसू ही जोडी घरात वाढू द्यायची नाही. मांजराच्या अंगावरची पिसू वेगळ्या जातीची, तिचा प्लेगशी तसा संबंध नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

सांगायची आहे ती गोष्ट 1974 सालच्या आषाढातली. मी अकरा वर्षांचा होतो. मनीनं कणगीमागं गोणपाटावर तीन पिल्लं घातली होती आणि त्या वर्षी पिसवांचा कहर झाला होता. पावसाळी ओल आणि उबदार कोपरा मिळाला की त्यांचं फावतं. सकाळी उठलं की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल ठिपके. आईनं दोनदा घर सारवलं, निरगुडीचा पाला अंथरुणाखाली घातला. घोंगड्या उन्हात टाकायच्या तर ऊनच नव्हतं. आजी रोज संध्याकाळी मनीला मांडीवर घेऊन फणी फिरवायची, मग पिल्लांना. एके दिवशी तिनं एका पिल्लाचा ओठ वर करून मला दाखवला. हिरडी चुन्यासारखी पांढरी. “रगात पिऊन टाकलंय बघ समदं,” ती म्हणाली.

दशमीच्या संध्याकाळी तिनं फणी केली आणि फणी कोनाड्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी आषाढी. गुडघ्यांमुळं तिची वारी चार वर्षांपूर्वी सुटली होती, त्यामुळं घरातली एकादशी ती फार कडक पाळायची. त्या दिवशी मुंगीवरसुद्धा पाय पडू द्यायची नाही.

“आज्जे, पिसवंला जीव असतो?” मी विचारलं.

“आसतो की. म्हणून तर नाव घेती.”

“मग रोज मारतीस ती?”

“रोज मारती ती गरजंपायी. येक दीस तरी हात थांबूदे की रं.”

एकादशीला पहाटे एक पिल्लू गार पडलेलं निघालं.

मी रडलो असेन, ते आठवत नाही. आजी तुळशीपाशी बसून होती आणि मी घरामागच्या पडवीत गेलो, एवढं लख्ख आठवतं. तिथं तात्यांनी जोंधळ्यावरच्या नाकतोड्यांसाठी आणलेलं बीएचसीचं पोतं होतं, दहा टक्क्यांची भुकटी. फडक्याची पुरचुंडी करायची आणि पिकावर आपटत जायचं, अशी तिची रीत. कुबट वासाची ती पूड मी बाहीभर अंगावर उडवून घेतलेली होती, तिची भीती कुणालाच नव्हती. मी पुरचुंडी बांधली, कणगीमागं गेलो आणि मनीवर, दोन्ही पिल्लांवर, गोणपाटावर, भेगांमध्ये आपटत सुटलो. थोड्या वेळानं पिसवा टपटप गळायला लागल्या. मी मोजायला बसलो. साठाच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. आजीला तीन संध्याकाळी लागल्या असत्या ते मी पाव तासात केलं, असा आनंद मला झाला होता. तो खोटा नव्हता, म्हणूनच इथं लिहितो.

मांजर अंग चाटतं. हे मला रोज दिसत होतं, पण त्या पाव तासात डोक्यात आलं नाही. मनीनं स्वतःला चाटलं, मग पिल्लांना. तिसऱ्या प्रहरी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. कान आणि मिशा फडफडायला लागल्या. मग आकडी. दिवेलागणीपर्यंत तीन-चार आकड्या आल्या आणि शेवटच्या आकडीतून ती उठली नाही. रात्री एक पिल्लू गेलं. उरलेलं आजीनं कोमट पाण्यात रिठ्यानं दोनदा धुतलं, पदरात गुंडाळून चुलीच्या जाळाशी धरलं, ते सकाळपर्यंत तगलं.

मला कुणी मारलं नाही. तात्या म्हणाले, “पोतं उघडं टाकलं मी, पोराला काय म्हणायचं.” आई म्हणाली, “मांजर मारलं की सोन्याचं मांजर काशीला दान द्यावं लागतं म्हणतात,” आणि लगेच गप्प झाली, कारण आमच्या घरात सोनं म्हणजे तिच्या गळ्यातल्या दोन वाट्या. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “येकादशी म्या धरली, अन् भोगली मनीनं.”

हे वाक्य पन्नास वर्षं माझ्याबरोबर आहे. त्यावर मी वेगवेगळ्या वयांत वेगवेगळा विचार केला. तरुणपणी वाटायचं, म्हातारी उगाच स्वतःवर ओढून घेते. पूड मी मारली. नंतर वाटू लागलं, की तिचं बरोबर होतं. हात थांबवणं हीसुद्धा एक करणी असते आणि तिची किंमत कुणीतरी मोजतं. एकादशीचं पुण्य आजीच्या नावावर आणि रक्त पिल्लाचं. अर्थात एक दिवस फणी फिरली असती तर ते पिल्लू वाचलंच असतं, असं मी म्हणू शकत नाही. हिरड्या आठवडाभर पांढऱ्या होत्या.

आणखी एक विचार मला मोहात पाडतो, पण त्याच्यावर माझा पुरता विश्वास नाही. आजी एकेक पिसू हातानं, नाव घेऊन मारायची, मी न बघता एका झटक्यात शेकडो मारल्या. म्हणून तिचं मारणं शुद्ध आणि माझं अशुद्ध, असं म्हणायला बरं वाटतं. पण पिसवेला काय फरक पडतो? वाटीत बुडालेली आणि पुडीनं मेलेली, दोन्ही मेल्याच. फरक पडत असेल तर तो मारणाऱ्याच्या डोळ्यांना पडतो. फणी फिरवणाऱ्याला कातडं दिसतं, हिरडी दिसते, मांजर कुठं कण्हतं ते कळतं. पुरचुंडी आपटणाऱ्याला फक्त पूड दिसते. मला त्या दिवशी मनी दिसलीच नाही, शत्रू दिसला. एवढं मी मान्य करतो. त्यापुढं आजीची पूजा बांधायची माझी तयारी नाही, कारण नुसत्या फणीनं पिसवा जात नाहीत, हेही खरंच आहे.

आणि माझ्या पुडीनंही त्या गेल्या नव्हत्या. पंधरवडा उलटायच्या आत पायांवर पुन्हा ठिपके आले. तेव्हा आईनं दैवाला बोल लावला. आता त्याचं कारण ठाऊक आहे. मांजरावर दिसते ती पिसवांची थोडीच फौज, बाकीची जमिनीत असते. मादी अंगावर अंडी घालते, ती गुळगुळीत अंडी घरंगळून गोणपाटात, भेगेत, घोंगडीत पडतात. त्यातून निघालेली अळी उजेडापासून पळते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त खाते. मग ती कोश विणते, त्याला धूळमाती चिकटते, आणि आत तयार झालेली पिसू आठवडेच्या आठवडे नुसती वाट बघत बसू शकते. पावलाची धमक, अंगाची ऊब, श्वासाची चाहूल लागली की बाहेर. त्या कोशापर्यंत पूड सहसा पोचत नाही. मारणं एका दुपारी संपत नाही, आठवडेच्या आठवडे नेटानं करावं लागतं. बीएचसीवर सरकारनं 1997 साली बंदी घातली. तोवर ती किती कणग्यांमागं पडली असेल.

त्या आषाढात पंधरा दिवसांनी वद्य एकादशी आली. आजीनं सकाळी तुळशीला पाणी घातलं, माळ ओढली, आणि उरलेलं पिल्लू मांडीवर घेऊन फणी फिरवायला बसली. मी बघत राहिलो. “बघतुस काय, रिठा घुसळ,” ती म्हणाली. मरेपर्यंत तिनं एकादशी सोडली नाही, आणि त्या पिल्लाची एकादशीची फणीही चुकवली नाही. दोन्हींचा मेळ तिनं कसा घातला ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्या दिवसांत तिचा चहा बिनदुधाचा झाला होता हे आईनं मला फार उशिरा सांगितलं. दूध कापसाच्या वातीनं पिल्लाला जात होतं.

गेल्या पावसाळ्यात पुण्याला नातीच्या मांजराला पिसवा झाल्या. दुकानदारानं तिला मानेवर सोडायचे थेंब दिले होते. डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं. मी ते हातातून काढून घेतलं, जरा जोरातच. जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं केलंत. त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही, आकड्या येऊन मांजर जातं. आकड्या हा शब्द ऐकून मी खाली बघत राहिलो. त्यांनी मांजर तोललं, वजनाप्रमाणं मांजराचंच औषध दिलं, महिन्या-महिन्यानं लावायला सांगितलं. अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी-सांदी रोज व्हॅक्यूमनं ओढा, ओढलेला कचरा लगेच घराबाहेर टाका, आणि दोन-तीन महिने नेट धरा. शिवाय रोज फणी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी नात फणी घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, यांना पण जीव असतो ना? मग आपण का मारायचं?” मी म्हटलं, असतो. पुढचं काही सुचलं नाही. मांजराचा ओठ वर करून तिला हिरडी दाखवली. गुलाबी होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आज तुमचा उपास आहे ना? मी धरते, तुम्ही फक्त सांगा.”

मी फणी तिच्याकडून घेतली. घरात रिठा नव्हता. तिला म्हटलं, वाटीत पाणी घे आणि भांड्याचा साबण टाक थोडा.